दुसरा येईपर्यंत पाणी नाही

हल्लीच्या सायकलींविषयी मी बोलायला लागलो की बायको उठून आत जाते आणि शाळेतले सहकारी घड्याळ बघतात. वय झालं म्हणून कुरकुरतोय, असं त्यांना वाटतं. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पण माझी कुरकुर सायकलींबद्दल कमी आणि एका माणसाबद्दल जास्त आहे, हे मी तिथे सांगत बसत नाही.

त्या माणसाचं धुळ्यात सीट कव्हर आणि सोफ्याचं दुकान आहे. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणतो. मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून तो मला मास्तर म्हणतो. मोटारसायकलचं फाटलेलं सीट शिवून घ्यायला गेलो होतो, तेव्हा बोलता बोलता कळलं की दोघांनाही डोंगरात सायकल घालायची खोड आहे. त्या काळी धुळ्यात असं काही सांगितलं की लोक विचारायचे, "का, पेट्रोल परवडत नाही का?" त्यामुळे आपल्यासारखा दुसरा सापडल्यावर आम्ही दुकानातच दोन-दोन चहा प्यालो. माझं सीट त्या दिवशी शिवलं गेलंच नाही.

पुढे नाशिकला जाऊन आम्ही गिअरच्या, जाड टायरच्या सायकली घेतल्या. रंग, माप, कंपनी सगळं एकच. तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्याला मोठी फ्रेम हवी होती. दुकानदारही तेच सांगत होता. पण तो ऐकेना.

"मास्तर, दोन्ही एकसारख्या लेऊत," तो म्हणाला. "तुन्हं मोडनं ते मन्हं लाऊ, मन्हं मोडनं ते तुन्हं."

आणि तसंच झालं. बाभळीच्या काट्यांनी आमच्या ट्यूबा चाळणी केल्या, दगडांनी रिमा वाकवल्या. दर वेळी एकाच्या सायकलीचा भाग दुसरीत गेला. त्याचं मागचं चाक माझ्याकडे, माझं हँडल त्याच्याकडे, ब्रेकच्या तारा कोणाच्या कोणाला. चोपड्याच्या वर सातपुड्यात एकदा त्याची चेन दोन ठिकाणी तुटली, तेव्हा माझ्या चेनच्या दोन कड्या काढून आम्ही ती जोडली आणि दोघंही आखूड चेनवर रडतखडत खाली आलो. खाली गावात पंक्चरवाल्याकडे होती नव्हती ती साधी चेन बसवली. तीही बसली. कुठलीही वस्तू कशालाही बसायची, हे तेव्हा आम्हाला विशेष वाटत नव्हतं. सायकली एसटीच्या टपावर चढवून आम्ही चोपड्याला जायचो. कंडक्टर शिव्या द्यायचा आणि मग स्वतःच दोरी धरायचा. आताच्या एसटीला वर कॅरिअरच नसतं.

दर रविवारी मात्र लळिंगच्या अंगाचा आमचा ठरलेला डोंगर. खाली चहाची टपरी, तिथून शेळ्यांची पायवाट, वर एक सपाट खडक. त्या खडकाचा नियम रमजानमध्ये पडला. भाऊचे रोजे होते. मी म्हटलं, महिनाभर सुट्टी घेऊ. तो म्हणाला, सुट्टी कशाला, दुपार उतरल्यावर चढू, रोजा वरच सोडू. पहिल्या दिवशी मी आधी पोहोचलो. घसा कोरडा पडला होता आणि बाटली हातात होती, पण खाली वळणावर तो झाडासारखा डुलत चढताना दिसत होता. मला ती उघडवली नाही. तो आला, घड्याळ बघत बसला, वेळ झाल्यावर खिशातून खजुराची पुडी काढली आणि आम्ही एकदमच पाणी प्यालो. रमजान संपला तरी ते चालूच राहिलं. जो आधी पोहोचेल त्याने दुसरा येईपर्यंत पाणी प्यायचं नाही. कोणी तोंडाने ठरवलं नाही. एप्रिलच्या उन्हात धुळ्याच्या डोंगरावर हा नियम पाळून बघा म्हणजे त्यात काय आहे ते कळेल. मागे राहिलेला माणूस थकून उतरून चालायला लागायचा नाही, कारण वर कोणीतरी तहानलेला बसलाय हे त्याला ठाऊक असायचं.

मग खेळाला बरे दिवस आले. निदान लोक तसं म्हणतात. शहरात डॉक्टर, इंजिनिअर, दुकानदारांची मुलं यांचा ग्रुप झाला. मोठ्या चाकांच्या सायकली आल्या. त्या चांगल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. एकदा एकाची घेऊन मी उतरून पाहिली. ज्या दगडांवरून माझे दात खिळखिळे होतात, त्यांवरून ती गादीवरून गेल्यासारखी गेली. पण एकाच्या सायकलीचं चाक दुसऱ्याला लागत नाही. एक्सल वेगळा, रिमचं माप वेगळं, ब्रेकचं तेलसुद्धा वेगळं. दर दोन वर्षांनी कंपनी माप बदलते आणि कालची सायकल भंगार ठरते. ट्यूबऐवजी टायरमध्ये जे औषध भरतात ते आमच्या उन्हाळ्यात वाळून त्याचा पापड होतो. वायरी फ्रेमच्या पोटातून नेलेल्या, म्हणजे एक वायर बदलायची तर अख्खी गाडी उकलायची. हे ज्याने काढलं त्याला एकदा भर मे महिन्यात आमच्या डोंगरावर सोडला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आणि ही मंडळी चढतच नाहीत. पलीकडून टॉवरसाठी रस्ता झालाय, त्या रस्त्याने पिकअपमध्ये सायकली घालून वर जातात आणि फक्त उतरतात. मोबाइलमध्ये वेळ नोंदली जाते, कोण पहिला ते लगेच सगळ्यांना कळतं. पायवाट त्यांनी रुंद केली, वळणांना मातीचे कठडे बांधले. एकदा मी त्यातल्या एकाला विचारलं, तुमच्यातला मागचा पडला तर?

"फोन करेल ना, सर," तो सहज म्हणाला. त्यात उद्धटपणा नव्हता, खरोखरच तसं असतं.

भाऊच्या छातीत दुखायला लागलं ते दुकानात, सोफ्याला कापड ताणताना. दोन ठिकाणी स्टेंट बसवले. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर सायकल चालेल, चढ नको. तो दोन-तीन महिने माझ्याशी डोंगराचं नावही काढत नव्हता. मी रविवारी त्याच्या घरी जाऊन बसायचो आणि आम्ही कापसाच्या भावाबद्दल बोलायचो, ज्यातलं दोघांनाही काही कळत नाही.

त्याचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. त्याने बापाला मोटरची सायकल घेऊन दिली. पायडल मारायचं, बाकी जोर मोटर लावते. डॉक्टरांनी त्याला होकार दिला. मी आधी खूप नाक मुरडलं. मग पहिल्या रविवारी भाऊ माझ्या शेजारून गुणगुणत वर गेला आणि मी पोहोचलो तेव्हा खडकावर मांडी घालून बसला होता, तहानलेला, बाटली बंद. "काय मास्तर, कवळपासून तिसेल बठनू मी," तो हसून म्हणाला. त्या दिवशी मी त्या मोटरला मनातल्या मनात हात जोडले. जवळजवळ तीन वर्षं तिने आम्हाला आमचा रविवार परत दिला. हे तिचं देणं मी नाकारत नाही.

मग एका सकाळी चढाच्या मधोमध ती बंद पडली. स्क्रीनवर लाल अक्षरात काहीतरी आलं आणि गप्प. आम्ही सवयीने सायकल उलटी केली आणि समोर बसलो. उघडायला एक स्क्रूसुद्धा दिसेना. भाऊने आयुष्यभर मशिनं दुरुस्त करून वापरली, शिलाईच्या मशिनचा पट्टासुद्धा तो स्वतः कापून बसवतो. त्याने मोटरच्या बंद डब्याभोवती बोटं फिरवून सांधा शोधून पाहिला.

"हाई गाडी मन्ही शे, पन मन्हं आयकत नही," तो म्हणाला.

माझ्या सायकलीचं काही काढून तिला लावावं असं काहीच नव्हतं. ती खाली आणून घरापर्यंत ढकलत न्यायला आम्हाला दुपार झाली, कारण मोटरशिवाय ती म्हशीसारखी जड होती.

नाशिकच्या दुकानात ती पावसाळ्यात गेली. आधी म्हणाले, सॉफ्टवेअर. मग म्हणाले, मोटर. मग मोटर बाहेरून मागवावी लागेल म्हणाले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी दर आठवड्याला फोन करायचो. शेवटी तिथला माणूस कंटाळून म्हणाला, "सर, ते मॉडेल बंद झालंय. नवीन मोटर त्या फ्रेमला बसत नाही." तीन वर्षांची सायकल! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी फोन ठेवून शाळेच्या मागे जाऊन उभा राहिलो. आमच्या जुन्या सायकली सतरा-अठरा वर्षं चालत आल्या होत्या.

मुलगा दुसरी पाठवतो म्हणाला. पण त्या मधल्या महिन्यांत भाऊ घरात बसून खचला होता. जिना चढताना मध्ये थांबायचा. पुन्हा तपासण्या झाल्या आणि या वेळी डॉक्टरांनी मोटरची असो की कुठली, डोंगर कायमचा बंद केला. हे सगळं तसंही झालं असतं, असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं बरोबरही असेल. पण ती चालू असती तर तो चालत राहिला असता, असं मला वाटतं आणि ते माझ्या मनातून जात नाही.

त्याची जुनी सायकल दुकानात कोपऱ्यात उभी होती, त्यानेच शिवलेल्या रेग्झिनच्या खोळीत. गेल्या ऑक्टोबरात माझी पुढची रिम तडकली. त्या मापाची बरी रिम धुळ्यात नाही, जळगावात नाही, नाशिकवाला तर माप ऐकूनच हसला. मी ठरवलं, आता पुरे. रविवारी सकाळी दारात स्कूटर वाजली. पाहतो तर भाऊ, पायाशी त्याच्या सायकलीचं पुढचं चाक उभं धरलेलं.

मी नको म्हटलं. ते चाक काढलं की ती सायकल संपली, हे दोघांनाही कळत होतं. त्याने माझं ऐकलं नाही. माझ्या अंगणात बसून स्वतःच्या हाताने बसवून दिलं. आणि म्हणाला, मी टपरीपर्यंत येतो.

तेव्हापासून तो दर रविवारी येतो. स्कूटर टपरीशी लावतो आणि बाकावर बसतो. पहिल्या दिवशी मी वर जाऊन पाणी न पिता तसाच खाली आलो, तर तो चिडला. ऊन आहे, घेरी येऊन पडशील, वरच पी, असं त्याने मला दटावलं. मग एक युक्ती काढली. त्याच्याकडे स्टीलची बाटली आहे. मी खडकावर पोहोचून आभाळापुढे दिसेल असा हात हलवला की तो बाटली उन्हात धरतो. ती चमकली की समजायचं, तो पितोय. मग मी प्यायचं. अख्खा हिवाळा असं चाललं. वरून तो नीट दिसतही नाही, फक्त ती चमक दिसते. मी पाणी प्यायचो आणि मला बरं वाटायचं.

परवाच्या रविवारी माझी बाटली वाटेत दगडावर पडून फुटली. वर पोहोचलो, हात हलवला, चमक आली. कोरड्या घशाने तसाच उतरलो आणि टपरीशी येऊन त्याच्या हातातली बाटली ओढून घेतली. ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान दुसरीकडे वळवली.

"भाऊ, तू पीत नव्हतास?"

"कसा पिऊ?" तो म्हणाला. "तू आजून येल नव्हता ना."

सगळा हिवाळा मी वर बसून पोटभर पाणी पीत होतो आणि तो खाली माझी वाट बघत बसला होता. मी बाटली त्याच्यापुढे धरली. त्याने आधी मला प्यायला लावलं, मग स्वतः प्याला. टपरीवाल्याने न विचारता दोन चहा ठेवले.