आत्याची दुसरी नाकपुडी

आमच्या आत्याइतका स्वतःच्या नाकाचा अभिमान सबंध सोनपेठ तालुक्यात कुणी बाळगला नसेल. जन्मभर तिनं लग्नाकार्याचा स्वयंपाक लाकडांच्या चुलीवर केला. नैवेद्याआधी जिभेला काही लावायचं नाही, म्हणून भाजीचं मीठ ती वासावरून सांगायची. एकदा वरबापासमोर कढईवर वाकून म्हणाली, "मीठ न्हाई पडलं यात," आणि खरोखरच पडलेलं नव्हतं. दम लागल्याचं मात्र तिनं कधी कबूल केलं नाही. चालता चालता थांबली की कधी लुगडं जड असायचं, कधी शेजारणीची फोडणी तिखट. मी दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "मी कवा बिडी वढली का? मंग मला छातीचा आजार कशानं व्हईल?"

शेवटी एका लग्नात पुरणाचं पातेलं उतरवताना ती खालीच बसली. तिला बोलता येईना. तिच्या हातातली पळी तिच्याच हाताखाली चुलीपुढं राबणाऱ्या सुनेनं घेतली, तीही खोकत खोकत. त्या खोकल्यानं आत्या घाबरली. सकाळी स्वतःच मला म्हणाली, "आमा दोघीला परभणीला ने."

परभणीच्या दवाखान्यात दोघींना यंत्राच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. धुरानं आत्याच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या होत्या. सुनेचा श्वास अजून चांगला होता. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, संशोधनासाठी नाकातल्या थोड्या पेशी द्याल का?"

"आजार छातीत, आन् तुमी नाकात काय बघायलाव?"

"श्वासाची वाट नाकापासून फुप्फुसापर्यंत एकच. धुरामुळं तिथल्या पेशींमधल्या काही जनुकांचं काम वाढतं, काहींचं मंदावतं. नाकातूनच ते ओळखता आलं, तर हा आजार लवकर सापडेल. पण अजून आम्ही शोधतोच आहोत. तुमच्या उपचाराला याचा उपयोग नाही."

"मंग कोणाला व्हईल?"

"पुढं कधीतरी, तुमच्या सुनेसारख्यांना."

आत्यानं सुनेकडं पाहिलं. ज्या नाकाला तिनं कधी तपकिरीचं बोट लागू दिलं नव्हतं, ते तिनं वर केलं. इवलासा ब्रश आत फिरला, डोळ्यांतून पाणी आलं आणि शिंक थेट डॉक्टरीणबाईंच्या चष्म्यावर गेली. चष्मा पुसता पुसता त्या हसल्या. आत्या हसली नाही. "दुसऱ्या नाकपुडीतून बी घ्या," म्हणाली, "इकडून कमी पडलं तर."

गावी परतल्यावर तिनं अंगणातली मोठी चूल स्वतः मोडली. गॅसच्या शेगडीशिवाय सुनेला एकही काम घेऊ दिलं नाही. चुलीवरच्या पुरणाची सर येत नाही, असं काही यजमान तोंडावर म्हणाले. तिनं ऐकून घेतलं, पण चूल पुन्हा मांडली नाही.

परवा भेटायला गेलो, तेव्हा सून एका लग्नाच्या स्वयंपाकाला निघाली होती. शेगड्या रिक्षात चढल्या, रिक्षा वळणाआड गेली. आत्या औषधाचा पंप मुठीत धरून उंबऱ्यात बसली होती.

"पंगत मोठी हाय म्हनं," ती म्हणाली.

मग कितीतरी वेळ ती रस्त्याकडं बघत राहिली. मीही तिच्याजवळ उंबऱ्यात बसलो.