पहिल्या फेरीला थोडं थोडं

सरकारी नोकरीच्या मुख्य परीक्षेची ही माझी शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी वयात बसणार नव्हतो. आधी दोनदा आपटलो, तेही अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. माझा पेपरच पुरा व्हायचा नाही. पहिला प्रश्न आवडीचा निघाला की मी त्याला नवरीसारखा नटवत बसायचो आणि घंटा व्हायची तेव्हा शेवटचे दोन प्रश्न कोरे असायचे.

कोल्हापूरच्या अभ्यासिकेत सल्ल्यांना काही तोटा नव्हता. कुणी म्हणे, मुद्द्यांखाली रेघा मार. कुणी म्हणे, सोपे प्रश्न आधी घे. मला सगळ्यांचाच राग यायचा. मान डोलवायचो आणि खोलीवर येऊन नखं कुरतडायचो.

परीक्षेच्या तोंडावर मुरगूडजवळच्या आमच्या गावची जत्रा आली. पुस्तकं सोडून जाणं जिवावर आलं होतं, पण न जाऊन सांगतो कुणाला? घरी पै-पाहुण्यांना मटणाचं जेवण. वाढायला मला उभं केलं. पहिल्या ताटाला मामा, त्यांना भरभरून वाढलं. दुसऱ्याला तितकंच. डोकं पेपरात अडकलेलं आणि हात सैल. पंगतीच्या टोकाला पोचलो तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा. त्या शेवटच्या ताटावर पाहुण्यांनी आग्रहानं बसवलेले माझे वडील होते.

ते चिडतील असं वाटलं. त्यांनी रश्शात भाकरी कुस्करली.

"पयल्या फेरीला समद्यांच्या ताटात थोडं थोडं पडाय पायजे," ते म्हणाले. "उरलं तर मग आग्रह."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या एसटीत तेच वाक्य डोक्यात घुमत राहिलं.

पेपर हातात पडला. पहिला प्रश्न नेमका माझा लाडका. हात शिवशिवत होते, तरी निम्मं उत्तर लिहून पुढं सरकलो. भरल्या ताटावरून उठल्यासारखं वाटलं. पुढचं लिहिताना मन सारखं मागं धावायचं, तो एक मुद्दा राहिला, जा, घालून ये. माझा पाय इतका हलत होता की शेजारची मुलगी वैतागून बघायला लागली. शेवटच्या प्रश्नाचं मला फारसं येत नव्हतं. येत होतं तेवढं लिहिलं. मग मागं वळून लाडक्या उत्तरात चार ओळी घालतोय तोच घंटा झाली. ते उत्तर अपुरं राहिलं, ते अजून सलतं.

बाहेर फाटकाशी वडील उभे. न सांगता आले होते. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलंच नाही.

"शेवटच्या ताटाला मिळालं न्हवं?"

"मिळालं की. थोडंच, पर मिळालं."

निकालाला अजून काही महिने होते. त्यांनी मात्र माझ्या खांद्यावर हात टाकला.

"मग चल, आता मला मटण खायाला घाल," ते म्हणाले. "जत्रंचं ऱ्हायलंय तुझ्याकडं."