म्हाताऱ्याच्या नावावरच्या गोळ्या

केजमध्ये मी दवाखाना टाकला त्याला वीस वर्षं होऊन गेली. डॉक्टर आजारी पडला तर कुठे जातो, असं कोणी विचारलं असतं तर मी हसलो असतो. डॉक्टरला फार तर सर्दी होते.

मला झोप येत नव्हती. एक बाळंतीण माझ्या टेबलावर दगावली होती. तिला आणायलाच उशीर झाला होता, हे सगळ्यांनी मान्य केलं, तिच्या नवऱ्यानेसुद्धा. मला ते मान्य होईना. छातीत धडधडायचं, पेशंटचं बोलणं अर्धंच कानात शिरायचं. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात माझ्याच बॅचचा मित्र मनोविकारतज्ज्ञ आहे. तासाभराचाही रस्ता नाही. पण त्याच्या दारातल्या बाकावर केजचं कोणीतरी असणारच, आणि ते परत पोचायच्या आत गावात होईल, डॉक्टरचं डोकं फिरलंय.

म्हणून मी स्वतःच स्वतःला झोपेच्या गोळ्या लिहिल्या. तसल्या गोळ्या देताना मेडिकलवाला वहीत पेशंटचं नाव उतरवतो. माझं नाव तिथे नको होतं. त्या दिवशी ब्लडप्रेशर तपासायला एक मेंढपाळ म्हातारा आला होता. तो उठून गेला आणि मी त्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली. रोज दोन. मेडिकल खालीच आहे. मालक पुडी वर पाठवायचा, काही विचारायचा नाही. असं पाच महिने चाललं.

मग एका लग्नाला मी दिंद्रुडला गेलो. मेडिकलचा मालकही तिथेच होता आणि दुकानात त्याचा भाऊ बसला होता. नेमका त्याच दिवशी म्हातारा प्रेशरच्या गोळ्या न्यायला आला. भावाने वही पाहिली आणि झोपेच्या गोळ्यांची पट्टीही त्याच्या हातात ठेवली. "बाबा, तुमची ही पण चालू हाय की. रोज दोन."

हे मला नंतर कळलं. चौथ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याची बायको त्याला जीपमध्ये घालून घेऊन आली. कपाळावर खोक पडलेली, डोळे अर्धे मिटलेले, जीभ जड.

"काय झालं, मावशी?"

"परवापासनं नुसतं झोपत्यात. आज मेंढरं सोडाय उठले आन् दगडावरच पडले."

मला अर्धांगाचा झटका वाटला, अगदी खरंच वाटला. अंबाजोगाईला न्यायची चिठ्ठी लिहिता लिहिता मी विचारलं, "प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या होत्या का?"

"कावून बंद करतील? तुमी दिलेल्या समद्या येळेवर दिल्या म्या. ह्या बगा. नव्या बी दिल्या."

तिने पिशवीतून काढलेली पट्टी मी लांबूनच ओळखली.

मी ती पट्टी तिच्या हातातून घेतली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "ह्या आता देऊ नका," एवढंच म्हणालो. चिठ्ठीवर अर्धांगाचा संशय असं लिहून झालं होतं. ते मी खोडलं नाही. जीप निघून गेली.

पुढचा पेशंट आत आला. मी त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, पण काही ऐकू येत नव्हतं. तिकडचे डॉक्टर माझी चिठ्ठी वाचतील आणि अर्धांग समजून धावपळ करतील. वाटेतच म्हाताऱ्याचा श्वास मंदावला, तर त्याला काय झालंय हे माहीत असलेला माणूस इथे केजमध्ये बसलेला. जीप आता कुठवर गेली असेल, याचा मी अंदाज करत राहिलो. पट्टीचा कोपरा छातीला टोचत होता.

मी मित्राला फोन लावला.

"बोल बे, आज कशी आठवण झाली?"

"केजहून एक म्हातारा येतोय. चिठ्ठीवर अर्धांग लिहिलंय, ते नाही. चार दिवस झोपेच्या गोळ्या गेल्यात पोटात. डोक्यालाही मार आहे."

"मग तसं लिहायचं ना! दिल्या कोणी?"

समोर पेशंट बसला होता. त्याला बाहेर पाठवायचं सुचलं नाही.

"गोळ्या माझ्या आहेत. मी खातो. त्याच्या नावावर घेत होतो."

मग तो म्हणाला, "म्हाताऱ्याकडे मी जातो. तू दवाखाना बंद कर आणि इकडे ये. गाडी तू चालवायची नाहीस, कळलं का बे?"

गाडी बायकोने चालवली. तिला मी वाटेतच सगळं सांगितलं. ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं आता."

म्हातारा दुसऱ्या दिवशी नीट शुद्धीवर आला. कॉटशेजारी उभं राहून मी त्यालाही सांगितलं. त्याने सावकाश विचारलं, "म्हंजी झोप तुमाला न्हाई, आन् झोपवलं मला?" कपाळाचे टाके धरून तो हसला. "लई गाढ लागलती, सायेब."

म्हातारी हसली नाही. "आमचंच नाव कावून घेतलं? तुमाला नाव न्हाई का?"

ती दोघं त्यानंतर माझ्या दवाखान्यात आली नाहीत. मेडिकलच्या मालकाला मी खरं सांगितलं. तोही आता माझी चिठ्ठी दोनदा वाचतो.

म्हातारा शुद्धीवर आला त्याच दिवशी मित्राने मला खाली पाठवलं. "केसपेपर काढून आण. ओळखीवर तपासणार नाही तुला." मी खिडकीसमोर रांगेत उभा राहिलो. मागून केजचाच आवाज आला, "डॉक्टरसाहेब, तुमी हितं? कोण ॲडमिट हाय?"

माझा नंबर आला होता. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी माझं नाव सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं.