आमच्या रेंजवर कोणाचा विश्वास नाय

टोकावड्याजवळ एका रिकाम्या भातगिरणीत मी पोरापोरींना एअर रायफल शिकवतो. बंदुकीचं नाव निघालं की माणसं अशी काही बघायला लागतात, की किस्से आपोआप साचतात.

पहिल्याच आठवड्यात पुष्पाचे वडील, दामूदादा, दारात स्टूल टाकून बसले. चार दिवस नुसतं बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "सर, इथं कोण पळत नाय, कोण पडत नाय. मग लपवताय काय?"

पुष्पाला काढून त्यांनी कबड्डीत घातलं. महिन्याभरात तिच्या खांद्याचं हाड मोडलं. मी भेटायला गेलो तर दामूदादाच म्हणाले, "पण हातात बंदूक तर नवती ना."

एकदा एसटीत कंडक्टरने माझ्या लांब पेटीकडे बोट दाखवलं. "ह्याच्यात काय?"

"रायफल."

त्याने मला उठवून आपल्या शेजारी बसवलं. मुरबाड येईपर्यंत पेटीवरून नजर हलवली नाही. धबधब्याला निघालेले चौघे उघड्या दारात उभे राहून सेल्फी काढत होते, त्यांच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

मग पोलीस पाटील आले. अपघातांचं रजिस्टर मागितलं, सगळी पानं उलटली. "एकपण नोंद नाय?"

"नाय."

"आमच्या क्रिकेट टीमला दर सीझनला टाके पडतात. आन् बंदुकीच्या जागेवर साधा ओरखडा नाय? रजिस्टर खोटं आहे."

निघताना उंबऱ्याला ठेचकाळून त्यांच्या अंगठ्याचं नख निघालं. मी नोंद केली. त्यांनी वाचून सही केली. "हां, आता खरं वाटतं."

हाड जुळल्यावर पुष्पा हट्टाने परत आली. दामूदादाही आले, पहारा द्यायला.

पावसाळ्यात पोरांना घेऊन वैशाखऱ्याच्या पुढे धबधब्यावर गेलो. मी टेम्पोतून डबे काढेपर्यंत पोरं पुढे पळाली. रेंजवर आमचा नियम एकच: मी "लाइन क्लिअर" म्हटल्याशिवाय रेघेपुढे पाऊल टाकायचं नाही. जाऊन बघतो तर बाकीचं पब्लिक पाण्यात, आणि आमची अकरा पोरं काठावर एका ओळीत उभी.

"उतरा की रे, घाबरता कशाला?" दामूदादा म्हणत होते.

पुष्पा म्हणाली, "सरांनी लाइन क्लिअर नाय दिलं."

पाणी गढूळ झालं होतं, वरून पाचोळा येत होता. मी पाण्यातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं. बरेच आले, दोघे हसत राहिले. तेवढ्यात लोंढा आला. त्या दोघांना दोर टाकून ओढावं लागलं. दोराचं टोक दामूदादांनी धरलं होतं.

परतताना टोकावडं आल्यावर दामूदादा माझ्याकडे सरकले.

"खरं सांगा सर. पोरांना काय खायला घालता तुमी?"