परीक्षेसाठी जपलेलं अंडं

आमच्या मामीनं आजवर जगातली एकही गोष्ट नुसती ऐकून मान्य केलेली नाही. पृथ्वी गोल आहे हे तिला मान्य आहे, पण तेही तूर्तास, आणि पुस्तकाचा मान राखायचा म्हणून. कुणी काहीही सांगितलं की तिच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो "काऊन?", आणि कारण सांगितलं की लगेच, "करून पाह्यल्याबिगर कसं समजल?" शाळेत असताना विज्ञानाच्या गुरुजींनी या 'काऊन'पायीच तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं म्हणतात. पुढे दहावी होते न होते तोच लग्न झालं आणि शिक्षणच बाहेर उभं राहिलं. मग पोरं मोठी झाली, पोरगी सासरी गेली, आणि मामीनं बारावी उरकून एक दिवस जाहीर केलं की आता ती प्राथमिक शाळेची मास्तरीण होणार. पदविकेचे बाकीचे विषय तिनं हां हां म्हणता संपवले. उरला तो एकच, भावी शिक्षकांसाठीचा भौतिकशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम. सालेकशाच्या एका शाळेत तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण शाळा उघडेपर्यंतच. तोवर हा विषय सुटला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि पुन्हा नव्यानं उमेद धरायचं मामीचं वय राहिलं नव्हतं.

मामाचं गाव दरेकसा. घरी मोबाईलला रेंज नाही. ती मिळते स्टेशनच्या फलाटावर, आणि तिथंही फक्त शेवटच्या बाकावर. तेव्हा तो बाक हेच मामीचं महाविद्यालय झालं. घाटाची चढण चढणाऱ्या मालगाड्या दर थोड्या वेळानं तिथून धडधडत जायच्या, आणि मामी स्क्रीनवरच्या पुण्याच्या मॅडमना हात दाखवून थांबवायची, "थांबा जी मॅडम, मालगाडी जाऊ द्या." पुढे पुढे मॅडमच विचारू लागल्या, "तुमची गाडी गेली का? मग सुरू करते." ध्वनीचा धडा आला त्या दिवशी मामीनं मोबाईल सरळ गाडीकडेच धरला आणि निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या समस्त भावी शिक्षकांना कानात बोटं घालायला लावली. पॅसेंजरची वाट पाहणाऱ्या, मोहफुलांची गाठोडी घेऊन बसलेल्या बायाही मामीच्या मागे बसून तास ऐकायच्या, आणि मॅडमनी काही विचारलं की सर्वांच्या आधी मान डोलवायच्या.

या सगळ्यात माझी नेमणूक छायाचित्रकार म्हणून झाली होती. गोंदियात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, एवढी पात्रता तिला पुरेशी वाटली. आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. मामा-मामी वयानं कितीही मोठे असोत, ते भाच्याच्या पाया पडतात. भाच्यानं मात्र त्यांच्या पायांना हात लावायचा नाही, त्यांना पाप लागतं. मामी हा रिवाज फार निष्ठेनं पाळायची. प्रत्येक चाचणीआधी फलाटावर चारचौघांत वाकून माझ्या पाया पडायची, आणि उठता उठता म्हणायची, "आता हात नोका हालवू बाबू, मागच्या वेळी माहं मुंडकंच नोतं दिसत." असा देव आणि असा गडी मी एकाच वेळी पहिल्यांदाच झालो होतो.

घरी तर विज्ञानानं नुसता धुमाकूळ घातला होता. पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान पुढे वाढत नाही, असं मॅडमनी सांगितलं. मामीनं थर्मामीटर आणला आणि मामाच्या चहाचं आधण सगळं आटून भांडं करपेपर्यंत त्यासमोर बसून राहिली. मामानं दारातून हाक दिली, "चहा होऊन राहिला का अभ्यास?" तर आतून उत्तर आलं, "पाणी होतं तोवर नाईच वाढलं जी! खरं सांगे ते बाई." काळा रंग उष्णता जास्त शोषतो हे ताडून पाहायला तिनं एक काळी आणि एक पांढरी शेळी भर दुपारी उन्हात बांधली, दोघींच्या पाठीवर थर्मामीटर टेकवला आणि ते सगळं मला चित्रित करायला लावलं. पांढरीनं थर्मामीटर चावून पाहिला. मॅडमचा शेरा आला, 'कृपया प्रयोगात जनावरे घेऊ नयेत.' मामीला ते मुळीच पटलं नाही. मामा बिचारा शांत माणूस, पण एकदा माझ्याजवळ म्हणालाच, "घरात खायचं कोनतं अन् प्रयोगाचं कोनतं, इचारल्याबिगर हात लावता येत नाई बाबू."

शेवटच्या परीक्षेत मॅडमसमोर थेट एक छोटा पाठ घ्यायचा होता. मामीनं विषय निवडला तरंगणं आणि बुडणं. तिच्या घरचीच ती विद्या. धानाचं बियाणं पेरण्याआधी आमच्याकडे मिठाच्या पाण्यात टाकून निवडतात. पोचट दाणे वर येतात ते काढून टाकायचे, भरलेले तळाशी बसतात ते पेरायचे. मीठ पुरेसं झालं की नाही हे पाहायला पाण्यात अंडं सोडतात. साध्या पाण्यात ते बुडतं, मीठ पुरेसं झालं की वर येतं. तालमीत अंडं असं काही डौलात वर आलं की मामी त्याच्या प्रेमातच पडली. "हे गुनाचं आहे," म्हणाली, "परीक्षेले हेच." आणि ते तिनं कोंड्याच्या मडक्यात ठेवून दिलं. मग काहीबाही कारणांनी परीक्षा पुढे पुढे गेली, उन्हाळा तापत गेला. मडक्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती.

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेलो. मामी माझ्या पाया पडली. बाकावर दोन काचेचे गिलास मांडले, एक साध्या पाण्याचा, एक मिठाच्या. मामा बियाण्याची टोपली घेऊन उभा, मागे मोहवाल्या बाया. मामीनं खड्या आवाजात सांगितलं, "मुलांनो, साध्या पाण्यात अंडं बुडते," आणि अंडं सोडलं. ते बुडालं नाही. ते टुणकन वर आलं आणि निवांत तरंगत राहिलं.

इतक्या दिवसांची मेहनत, सालेकशाची जागा, सगळं त्या गिलासात दिसायला लागलं. मी हळूच म्हटलं, "मामी, मोबाईल बंद करतो. नेटवर्क गेलं म्हणू." दरेकशाचं नेटवर्क गेलं यावर कोण शंका घेणार होतं? मामीनं माझ्याकडे असं पाहिलं की माझा हात तिथंच थांबला. "काऊन बंद करता? तरंगून राहिलं ना ते? मंग पाहू द्या त्याईले." आणि मॅडमकडे वळून म्हणाली, "मॅडम, मी सांगतलं ते झालं नाई. काऊन नाई झालं ते मले आता मालूम नाई. पाहून सांगतो."

तिनं पाणी चाखलं. साधंच होतं. "पाणी तर तेच आहे. म्हंजे अंडं बदललं." तिनं अंडं कानाशी धरून हलवलं. आत डुचमळलं. "जुनं झालं जी! आतलं पाणी उडालं, हवा भरली. वरून तेवढंच, वजनानं हलकं." आणि आता मामीच ती, करून पाह्यल्याबिगर कशी राहणार? तिनं अंडं बाकाच्या कडेवर फोडलं. त्यानंतर जे सुटलं त्याचं वर्णन करायला माझी लेखणी असमर्थ आहे. मोहवाल्या बाया गाठोडी टाकून पळाल्या, मामा टोपलीसकट पार दुसऱ्या टोकाला गेला. स्क्रीनवरून मॅडम विचारत होत्या, "काय झालं? सगळे कुठे गेले?" मामी नाकाला पदर लावून सांगत होती, "विज्ञान बाहेर आलं, मॅडम!" तेवढ्यात मालगाडी आली, आणि ती जाईतोवर वेळ संपली. बियाण्याचा प्रयोग राहूनच गेला.

मामी त्या संध्याकाळी जेवली नाही. एवढंच म्हणाली, "मीच जपून जपून सडवलं त्याले." पुढचे काही दिवस मला तिच्या काळजीनं दुकानात काम सुचेना. मग एका दुपारी ती बाकावर बसली असताना मॅडमचाच फोन आला. पाठ अपुरा राहिला म्हणून गुण कापले होते, पण मामी उत्तीर्ण होती. "वर्गात चुकाल तेव्हा अशाच चुका," मॅडम म्हणाल्या. "आणि शेळ्यांचे गुण मात्र दिलेले नाहीत." मामीनं तेवढ्यातही विचारलं, "काऊन?"

आता ती रोज सकाळच्या गाडीनं सालेकशाला जाते. मामाला चहा वेळेवर मिळतो, शेळ्या सावलीत असतात, शेवटच्या बाकावर कुणीही येऊन बसतं. मी गेलो की मामा आणि मी अंगणात बसतो आणि आम्हा दोघांनाही करमत नाही. मामा तर कबूलच करतो, "घर सुनं लागते बाबू. काई करपत नाई का काई फुटत नाई."

शाळेच्या पहिल्या दिवशी तिला सोडायला मी फलाटावर गेलो होतो. नवं लुगडं, पिशवीत दोन गिलास. गाडी दिसली तशी ती रिवाजाप्रमाणे माझ्या पाया पडायला पुढे झाली. काय वाटलं कोण जाणे, ती वाकण्याआधी मीच वाकलो आणि तिच्या पायांना हात लावला. मामी चटका बसल्यासारखी मागे सरली. "काऊन बाबू? भाच्यानं असं कराव काय? पाप लागते मले!"

"लागते का खरंच?" मी म्हटलं. "करून पाहिलं, मामी."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती गाडीत चढली.