अजमलची गोळीपेंड

अजमल मुल्लाशी कशावरही बोला, गाडी शेवटी पेंडीवरच येते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. वडिलांची पिठाची गिरणी मोडून त्यानं कुंडलला गोळीपेंडीचं मशिन बसवलं, तेव्हा आम्ही त्याला येड्यात काढलं होतं. पेंड चांगली होती, पण उन्हाळ्यात गोळी कोरडी पडायची आणि टेम्पोतून उतरेपर्यंत पोत्यात निम्मा भुगा व्हायचा. म्हशी फुंकरून तो उडवून लावायच्या. गिऱ्हाईक एकेक करून कंपनीच्या पेंडीकडे वळू लागलं. असंच चाललं तर मशिन विकावं लागेल, असं तो सांगायचा आणि पुढ्यातला चहा तसाच निवत राहायचा.

मग एका जनावरांच्या डॉक्टरकडून त्याला ग्लिसरीनचं कळलं. थोडंसं मिसळलं की गोळी घट्ट बसते, धूळ होत नाही, आणि गोडसर चवीमुळे जनावर आवडीनं खातं. कच्चं ग्लिसरीन स्वस्तात मिळत होतं. पण त्यात विषारी अंश राहू शकतो म्हणून पठ्ठ्यानं त्याला हात लावला नाही. मिरजेहून शुद्ध आणलं. गोळी झकास झाली.

घोटाळा पुढंच झाला. आमच्याकडे पेंड बादलीत भिजत घालून चारायची रीत. लवकर विरघळते ती चांगली पेंड, हा गल्लीचा कायदा, आणि बयाबाई त्या कायद्याच्या न्यायाधीश. त्यांनी नाव ठेवलेलं पोतं गल्लीत कुणी घेत नाही. या बयाबाई सकाळी बादली घेऊनच मशिनवर आल्या. रात्रभर भिजवूनही निम्म्या गोळ्या तशाच होत्या.

"सिमिट घातलंयस का काय रं?"

अजमलनं खरं ते सांगून टाकलं. झालं! टाचंच्या भेगांना लावायचं औषध म्हशीला चारतोस व्हय, म्हणून बाईंनी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. मला बाईंचा असा राग आला म्हणता! अजमल मात्र चिडला नाही. ओंजळभर कोरडी गोळी घेऊन तो त्यांच्या मागोमाग गोठ्यात गेला. मीही गेलो.

"मावशी, एकडाव कोरडी टाकून बघा. न्हाई खाल्ली तर गल्लीतली सगळी पोती मीच माघारी नेतो."

म्हशीनं वास घेतला आणि नुसती उभी राहिली. मग तिनं एक गोळी कराकरा चावली, बघता बघता गव्हाण चाटून काढली आणि त्याच्या रिकाम्या हाताला नाक लावलं. बयाबाई बादली उचलून घरात गेल्या. अजमलला वाटलं, संपलं.

आठवडाभर गल्लीतून कुणी फिरकलं नाही. सोमवारी बयाबाई आल्या, पाठोपाठ शेजारच्या दोघी, आणि त्यांच्यामागे वरच्या आळीच्या बायका. त्या आळीनं आजवर अजमलची पेंड कधी घेतली नव्हती.

"पोत्यावर ठळक लिव्ह की रं, भिजवायची न्हाई म्हणून," बयाबाई म्हणाल्या. "मी एकटी किती गल्ल्यांनी सांगत हिंडू?"