सगळ्यात कठीण लाकूड

चारुदत्त खांबेटेने लग्नाला होकार दिला तो समोरच्या चहावर साय धरायच्या आत. त्यानंतरच्या आयुष्यात त्याने कुठलीच गोष्ट इतक्या घाईने केली नाही. चिंचवडहून मेलबर्नला आल्यावर साधा टोस्टर घ्यायला त्याला एक अख्खा हिवाळा लागला. गाडीचा रंग ठरेस्तोवर कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. पॉइंट कुक उपनगरातलं घर झालं तेही शुभदाने एजंटला परस्पर हो सांगून टाकलं म्हणून, नाहीतर ही मंडळी अजून भाड्याच्या युनिटमध्येच राहिली असती.

नोकरी त्याला स्वभावाला साजेशी मिळाली होती. एका बँकेच्या रिस्क डिपार्टमेंटमध्ये तो काम करायचा. कोणी काही करायला निघालं, की त्यात काय काय बिघडू शकतं हे सांगायचं, एवढंच त्याचं काम. घरी ज्याला शुभदा चेंगटपणा म्हणायची, त्याचा बँक त्याला पगार देत होती. त्यामुळे आपलं काही चुकतंय असं त्याला वाटायचं काही कारणच नव्हतं.

शुभदा आठवडाभर कौन्सिलच्या ऑफिसात लोकांच्या कचऱ्याच्या डब्यांच्या तक्रारी ऐकायची आणि शनिवारी कथक शिकवायची. कम्युनिटी हॉलमध्ये तिच्या वीसेक मुली जमायच्या. त्या दोन तासांसाठी ती आठवडा रेटते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोरोना आला, हॉलला कुलूप लागलं आणि क्लास लॅपटॉपमध्ये शिरून घरच्या लाउंजमध्ये आला. लाउंजमध्ये कार्पेट होतं. कार्पेटवर थापेचा आवाज होत नाही, आणि चक्कर घेताना पाय अडकून गुडघा मात्र पिळवटतो. एका रविवारी शुभदाने आणि बारा वर्षांच्या लेकीने, मितालीने, सुरी घेऊन ते सगळं कार्पेट फाडून गॅरेजमध्ये टाकलं. खाली निघाला नुसता काँक्रीटचा कोबा.

"लवकर लाकडाचं काहीतरी बघूया," शुभदा म्हणाली. "मी तोवर योगा मॅट घालून भागवते. पण काँक्रीटवर माझे गुडघे फार दिवस टिकायचे नाहीत हं, चारू."

"ते माझ्यावर सोड," चारुदत्त म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता, कारण बायकोने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी निवडायला सांगितलं होतं. तिला देशातली उत्तमातली उत्तम जमीन द्यायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं. त्याचं तिच्यावर प्रेम होतं यात वादच नाही. पण प्रेमाच्या आणि शुभदाच्या मध्ये त्याचा अभ्यास आडवा पडायचा.

अभ्यास सुरू झाला. ब्लॅकबट, स्पॉटेड गम, जारा, आयर्नबार्क ही ऑस्ट्रेलियन लाकडांची नावं घरात मुलाबाळांच्या नावांसारखी घेतली जाऊ लागली. अखंड लाकूड घ्यावं की थरांचं, तेल द्यावं की पॉलिश, फळी रुंद की अरुंद, यावर तो जेवताना बोलायचा आणि शुभदा "हं" म्हणायची. कंपन्या पोस्टाने नमुने पाठवायच्या. हातभर लांबीच्या त्या तुकड्यांनी आधी सायडबोर्ड व्यापला, मग जेवणाचं टेबल. लॉकडाऊनमध्ये लोक घरी पाव भाजत होते, तेव्हा चारुदत्त लाकडावर हळद सांडून ती किती वेळात चढते ते बघत बसलेला असायचा.

त्याची परीक्षा कडक होती. खलबत्त्यातला बत्ता कमरेच्या उंचीवरून सोडायचा. कुकरचं गरम झाकण पालथं ठेवायचं. शेवटची परीक्षा घुंगरांची. शुभदाचे घुंगरू स्वतःच्या मनगटाला बांधून तो एकेक तुकडा पाच-पाच मिनिटं बडवायचा आणि मग टॉर्च आडवा धरून त्यावर खळगे पडलेत का ते शोधायचा.

मितालीने एकदा हे बघितलं. "डॅड, इट्स अ फ्लोअर," ती म्हणाली. "पीपल जस्ट वॉक ऑन इट."

"तुझी आई नुसती चालते का?" चारुदत्त म्हणाला. "रोज शंभर-शंभर घुंगरांच्या थापा पडणार. साधं लाकूड महिन्यात चाळण होईल."

इथेच सगळी मेख होती, आणि ती त्या घरात कुणाच्याच लक्षात आली नाही. शुभदाच्या गुडघ्यांना जमिनीपासून काही होऊ नये म्हणून हे काम निघालं होतं. बघता बघता त्याचं उलटं झालं, आणि जमिनीला शुभदाच्या पायांपासून काही होऊ नये याची काळजी चारुदत्त वाहू लागला.

त्याची कीर्ती पसरली. सिडनीत वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असलेला त्याचा मित्र राजीव याने एकदा फोनवर सहज विचारलं, तर चारुदत्तने त्याला दीड तास समजावलं. राजीवने त्यातली पहिली दहा मिनिटं ऐकली, ब्लॅकबट घेतलं आणि महिन्याच्या आत चकाचक लाउंजचे फोटो पाठवले. "मेट, ऑल थँक्स टू यू," असंही वर लिहिलं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणी जमिनीचं विचारलं की लोक चारुदत्तचं नाव सुचवायचे. एका वर्षात त्याच्या सल्ल्याने चार घरांमध्ये लाकूड बसलं. त्याच्या स्वतःच्या घरात शुभदा कोब्यावर दोन योगा मॅट एकावर एक टाकून नाचत होती आणि क्लासनंतर गुडघ्यावर फ्रोझन मटाराची पिशवी धरून बसत होती.

तो तिला विचारायचाही. विचारत नव्हता असं कोणी म्हणू नये.

"तुला मधासारखा रंग आवडेल की जरा लालसर?"

"कुठलाही चालेल रे. पण लवकर कर."

"असं कसं कुठलाही? आयुष्यभर बघायचाय आपल्याला."

दुसरं वर्ष उजाडलं, लॉकडाऊन येत-जात राहिले, लाकूड महागलं. अखेर चारुदत्तने निर्णय घेतला. आयर्नबार्क. बत्ता पडला तर बत्त्यालाच खोक पडावी इतकं ते कठीण होतं. ते कोब्याला थेट चिकटवायचं, मध्ये हवेलासुद्धा जागा ठेवायची नाही, आणि चिकटवायला बाजारातला सगळ्यात जालीम गोंद वापरायचा. फळ्या आल्या. लाकडाला घराची हवा मानवावी लागते, म्हणून काही आठवडे त्या लाउंजमध्ये रचून ठेवल्या. तेवढ्यात पाचवा लॉकडाऊन लागून गेला. सहावा लागायच्या आत जे मोजके दिवस मिळाले त्यात डॅरन नावाच्या कारागिराने धडाधड काम उरकलं. "शी इज नॉट गोइंग एनीव्हेअर, मेट," गुडघे झटकत तो म्हणाला. चारुदत्तच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

जमीन देखणी झाली होती, हे तिच्या शत्रूनेही कबूल केलं असतं. संध्याकाळी खिडकीतून ऊन आलं की आमसुलाचा रंग चढायचा. शुभदाने पहिल्या दिवशी घुंगरू बांधले, चार थापा मारल्या आणि थांबली.

"कशी आहे?" चारुदत्तने विचारलं.

"सुंदर दिसते," ती म्हणाली आणि योगा मॅट आणायला वळली.

"अगं, मॅट नको," तो घाईघाईने म्हणाला. "मॅटचा रबर लाकडावर डाग पाडतो. आता खरी जमीन आहे ना, आता मॅट कशाला?"

तिने त्याच्याकडे बघितलं. दीड वर्ष हा माणूस या जमिनीसाठी जागला होता, आणि आत्ता तो लहान मुलासारखा खूश होता. तिने मॅट गुंडाळून ठेवली.

सहावा लॉकडाऊन संपता संपेना. बाहेर जायची सोय नव्हती, मुलीही घरात कोंडलेल्या, म्हणून शुभदाने आठवड्यात तीन क्लास केले. सप्टेंबरात मेलबर्नला भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा कपाटातल्या कपबश्या वाजल्या पण जमिनीतून एक कुरकुर ऐकू आली नाही. चारुदत्तने ही बातमी राजीवला कळवली. त्याच आठवड्यात एका चक्करनंतर शुभदा खाली बसली आणि तिला उठता आलं नाही.

स्कॅनमध्ये गुडघ्यातली गादी फाटलेली निघाली. ऑपरेशन करू, पण पाय आपटणारा तत्कार विसरा, असं डॉक्टरने सांगितलं. व्यायाम करा, चाला, हवं तर पोहा. शुभदाने सगळं ऐकून घेतलं आणि गाडीत बसल्यावर रडली. चारुदत्तने तिला रडताना फार वेळा पाहिलं नव्हतं. तो घाबरून गेला.

"पण जमीन तर आपण चांगली घेतली," तो म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडून असलंच काहीतरी निघायचं.

"चारू, कोब्यावर निदान मॅट होती," ती म्हणाली. "नाचायला खाली पोकळी लागते. फळी जराशी दबते, म्हणून पाय वाचतो. तू लाकूड थेट काँक्रीटवर चिकटवलंस. मी दगडावरच नाचत होते की."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू मला रंग विचारलास."

त्या दुपारी चारुदत्तने कुणाचा रिव्ह्यू वाचला नाही, कशाची तुलना केली नाही. गाडी लावून तो तसाच ड्राइव्हवेमध्ये उभा राहिला आणि डॅरनला फोन करून म्हणाला, सगळं उचल, खाली लाकडी पट्ट्या ठोक आणि पुन्हा बसव. डॅरनने शांतपणे सांगितलं, की हा गोंद तूच निवडलायस. फळ्या निघतील, पण ढलप्या होऊन. अख्खी एकही हाती लागणार नाही, आणि कोबाही फुटेल. "बेस्ट जॉब आय एव्हर डिड, मेट," तो म्हणाला.

नोव्हेंबरात हॉल उघडला. दारात लशीचं सर्टिफिकेट दाखवून मुली आत आल्या. मधल्या काळात काही जणी शुभदापेक्षा उंच झाल्या होत्या. चारुदत्तने स्पीकर आत नेऊन ठेवला आणि सवयीने खाली बघितलं. स्वस्त पाइनच्या जुनाट फळ्या, त्यावर बास्केटबॉलच्या पुसट रेषा, रंगाचे ओघळ, खुर्च्यांचे चरे. त्याच्या परीक्षेत हे लाकूड पहिल्याच फेरीत नापास झालं असतं.

शुभदा कडेला खुर्चीवर बसली होती. गुडघ्याला पट्टा होता. "बूट काढ," ती त्याला म्हणाली. "मोजेही. आणि तिथे मध्ये उभा राहा."

"कशाला?"

"राहा तर."

तो अनवाणी जाऊन उभा राहिला. मुली गालातल्या गालात हसत होत्या. शुभदाने नुपूरला, तिच्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनीला, त्याच्या शेजारी बोलावलं आणि हाताने ताल धरला. नुपूरने तत्कार सुरू केला. चारुदत्तला तो आधी कानांनी ऐकू आलाच नाही. तो तळपायांतून वर आला. नुपूरचा पाय पडला की तिची फळी किंचित दबायची, परत वर यायची, आणि ते त्याच्या पायाखालपर्यंत पोचायचं. लय वाढली तशी त्याच्या पोटऱ्या थरथरल्या. लाकडाविषयी त्याने इतकं वाचलं होतं, पण हे कुठल्याही वेबसाइटवर नव्हतं, आणि असतं तर त्याने ते दोषांच्या यादीत घातलं असतं.

"हे हवं होतं मला घरात," शुभदा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. तिचा हात ताल देत होता, आणि बरा असलेला पाय खुर्चीखाली आपसूक हलत होता.

"माझं चुकलं, शुभदा," चारुदत्त म्हणाला.

"हो, चुकलं," ती म्हणाली आणि नुपूरला तिने लय दुप्पट करून दुगुन धरायला सांगितलं.